घरोघरच्या गोष्टी : पहिल्या समुद्रपर्यटनाची पूर्वतयारी

गेल्या अंकांत जुनीं पुस्तकें वाळवीपासून कशीं राखावीं याविषयीं मीं लिहिलें होतें. या महिन्याचा विषय अगदींच निराळा आहे. आणि तो मीं निवडलेला नसून आमच्या दहा वर्षांच्या नातीनें माझ्यावर लादलेला आहे, हें आरंभींच कबूल करतों. दसऱ्याच्या दिवशीं सोनें वांटून झाल्यावर तिनें सर्वांदेखत जाहीर केलें कीं, येत्या हिवाळ्यांत आपण सर्वांनीं मोठ्या जहाजांतून समुद्रावर फिरावयास जावयाचें. चिरंजीव व सूनबाई या कटांत आधींपासूनच सामील होतीं, हें त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसतच होतें. आमच्या सौ.नीं “मला घाटांत गाडी लागते, तेथें बोट कशी सोसेल?” एवढीच शंका काढली. माझ्या मातोश्री चौऱ्यायशी वर्षांच्या आहेत. त्या मात्र कांहीं न बोलतां हातांतलीं आपट्याचीं पानें देवापुढें ठेवून आंत निघून गेल्या.

या पर्यटनाचा प्रकार कांहीं वाचकांस नवा असेल, म्हणून थोडक्यांत सांगतों. यांत जहाज हें केवळ वाहन नसून तेंच आपलें उतरण्याचें ठिकाण असतें. खोली, भोजन, करमणूक हीं सर्व जहाजावरच. बहुधा रात्रीं जहाज चालतें, दिवसा एखाद्या बंदरीं थांबतें. प्रवासी उतरून गांव पाहतात आणि सायंकाळीं आपल्याच बिछान्यावर परत येतात. बोचकीं बांधणें-सोडणें एकदांच. ज्या कुटुंबांत वृद्ध माणसें व लहान मुलें आहेत त्यास ही सोय लहान नाहीं. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप या बाजूंस असें जहाज जाऊं लागलें, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें इंदिरा गोदीपाशीं अशा प्रवाशांसाठीं स्वतंत्र इमारतहि उघडली. तेव्हां नातीचा हट्ट अगदींच हवेंतला नव्हता.

परंतु आमच्या घरीं एक अलिखित नियम आहे. गिरगांवांतल्या आमच्या बिऱ्हाडापासून गेटवे ऑफ इंडिया वीस मिनिटांच्या वाटेवर. तेथून लाँचनें तासाभरांत मांडवा, आणि मांडव्याहून माझें आजोळ नागांव पाऊण तासावर. तरीहि आम्ही आजवर प्रत्येक खेपेस पनवेल, पेण, वडखळ असा सारा वळसा घालून नागांवास गेलों आहों. जानेवारी २०२४ मध्यें अटल सेतु झाला, तेव्हां त्यावरून जाण्यास मातोश्रींनीं मोठ्या कष्टानें संमति दिली. “पूल म्हणजे जमीनच,” असें त्या स्वतःस समजावीत होत्या, आणि शिवडी सुटल्यापासून चिर्ले येईपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले होते.

याचें कारण आम्हां सर्वांस ठाऊक आहे, पण तें घरांत फारसें उच्चारलें जात नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट वाटेंत वादळी लाटांत सांपडून कलंडली व बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यांत माझे मातामह होते. मुंबईंत कारकुनी करीत. सणासाठीं घरीं निघाले होते. तो दिवस दिव्यांच्या अंवसेचा. नागांवांत माझ्या आजीनें समया, निरांजनें, लामणदिवा हीं सर्व चिंचेनें घांसून पाटावर मांडून ठेवलीं होतीं. घरधनी आले कीं पूजा करावयाची आणि दिवे लावावयाचे. मातोश्री तेव्हां सहा वर्षांच्या. ते दिवे त्या दिवशीं लागले नाहींत, एवढेंच त्यांनीं मला एकदां सांगितलें आहे. मीं पुढें विचारलें नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. हयात संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें प्रत्येक अडचण ग्रंथाच्या आधारें सुटते असा माझा समज आहे. मातोश्रींचा आक्षेप धर्मशास्त्राचा असावा असें गृहीत धरून मीं रात्रीं जेवतांना एक व्याख्यानच दिलें. बौधायनानें समुद्रसंयान हें पतनास कारण होणाऱ्या कर्मांत घातलें आहे खरें. पण त्याच ग्रंथांत तो उत्तरेकडील लोकांच्या रूढींत समुद्रप्रवासाची गणना करतो. म्हणजे लोक जात होतेच. मनुस्मृतींत समुद्रयायी ब्राह्मण श्राद्धास वर्ज्य म्हटला आहे. परंतु जलमार्गानें जाणाऱ्या धनावरील व्याज ठरवितांना समुद्रयानांत कुशल असलेल्यांचाच शब्द प्रमाण मानावा, असेंहि तीच स्मृति सांगते. नागांवच्या शेजारचें चौल तर पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथांत सेमिल्ला या नांवानें आलेलें बंदर आहे. आणि आनंदीबाई जोशी १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, कलकत्त्याहून जहाजानें निघून अमेरिकेस गेल्या व १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, त्यांस तरी कोणतें पातक लागलें?

मातोश्रींनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें, ताटावरून हात धुतला आणि म्हणाल्या, “अरे, पाप लागेल म्हणून नाहीं. मला भय वाटतें. तूं मला शास्त्र सांगतो आहेस; बोटीवर माणसें किती आणि पट्टे किती, तें सांग.”

मी निरुत्तर झालों. मला तें ठाऊक नव्हतें. चिरंजीवांस विचारलें, तर त्यांस खोलीचा पंखा कसा आहे व पोहण्याचा हौद केवढा आहे हें ठाऊक होतें. पट्ट्यांची माहिती नव्हती. सूनबाईंस भोजनाचे प्रकार तोंडपाठ होते. पांचसहा दिवस आम्ही सहलीची चर्चा करीत होतों, आणि पहिला खरा प्रश्न विचारला तो सहलीस जाण्याची इच्छा नसलेल्या माणसानें!

त्या रात्रीं मला एक गोष्ट उमगली, आणि आजच्या लेखांत सांगावयाचें तें एवढेंच. कौटुंबिक प्रवासाची आंखणी सर्वांत उत्साही माणसाच्या हातीं देण्याची आपली रीत आहे. ती उलट असावी. घरांत ज्यास सर्वांत अधिक भय वाटतें त्याच्या हातीं वही द्यावी. उत्साही माणूस काय काय पाहावयाचें याची यादी करतो, भ्यालेला माणूस काय काय चुकेल याची करतो. आणि तयारी म्हणजे दुसऱ्या यादीचींच उत्तरें. भित्र्यास आपण धीर देतों, पण त्यास हवें असतें तें उत्तर. दुसऱ्या दिवशीं नातीनें वही उघडली, पणजीनें सांगितलें आणि तिनें लिहून घेतलें. प्रश्न सात झाले. उत्तरें शोधण्यास आम्हांस तीन आठवडे लागले. तीं क्रमानें देतों.

पहिला प्रश्न : कोणत्या दिवसांत जावयाचें? कोंकणांत नारळी पौर्णिमेपूर्वीं दर्यावर जाऊं नये हें पोरासहि ठाऊक असतें. परंतु पावसाळा सरला म्हणजे समुद्र निवळला असें मात्र नव्हे. अरबी समुद्रांत चक्रीवादळांचे दोन मोसम आहेत, एक पावसाळ्याच्या तोंडीं व दुसरा पावसाळ्यानंतर. मे २०२१ मधील तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलें. २०१७ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस व डिसेंबरच्या आरंभीं ओखी वादळानें केरळ व लक्षद्वीप यांस झोडपलें. जानेवारी-फेब्रुवारींत समुद्र सामान्यतः शांत, हवा कोरडी आणि उकाडा बेताचा. नातीची वार्षिक परीक्षा मार्चांत येणार. तेव्हां संक्रांत झाल्यावरचा आठवडा ठरला. चिरंजीवांचा विचार आधीं दिवाळीच्या सुटीचा होता, तो या एका उत्तरानें मागें पडला.

दुसरा प्रश्न : माणसें किती, पट्टे किती? १९१२ सालीं टायटॅनिक बुडालें तेव्हां त्यावर सर्वांस पुरतील इतक्या जीवनौका नव्हत्या. त्यानंतर १९१४ सालीं राष्ट्रांनीं एकत्र येऊन समुद्रावरील जीवरक्षणाचा करार केला. आज चालू आहे तो १९७४ सालचा व वेळोवेळीं सुधारलेला. त्यान्वयें आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजावर प्रत्येक माणसामागें जीवरक्षक जाकीट असावें लागतें, मुलांसाठीं निराळ्या मापाचें. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या किनाऱ्याशीं कोस्टा कॉन्कॉर्डिया हें जहाज खडकावर आपटलें व ३२ माणसें दगावलीं. त्याच दिवशीं चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत तोंवर झालेलीच नव्हती. म्हणून पुढें नियम असा झाला कीं, नव्या प्रवाशांस संकटसमयींची कवायत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांक्षणींच द्यावयाची. संकटाची खूण म्हणजे भोंग्याचे सात आंखूड व एक लांब आवाज. तो ऐकतांच आपल्याला नेमून दिलेल्या जागीं जमावयाचें. ही कवायत कंटाळवाणी म्हणून टाळणारे महाभाग असतात, असें ऐकतों. वाचकांस माझी विनंति आहे कीं, त्यांनीं मुलांचा हात धरून तेथें अवश्य उभें राहावें, आणि खोलीपासून त्या जागेपर्यंतची वाट जिन्यानें एकदां चालून पाहावी. कारण अशा वेळीं उद्वाहक वापरावयाचा नसतो.

तिसरा प्रश्न : आपली खोली कोठें? शाळेच्या आवारांत लांब फळी मध्यें टेकवून तिच्या दोन टोंकांस मुलें बसतात, तो खेळ सर्वांनीं पाहिला आहे. टोंकावरचें पोर हातभर वर जातें, मध्यें बसलेल्यास हालचाल जवळजवळ नाहीं. जहाजाचेंहि तसेंच. आम्ही ज्या जहाजाचा विचार केला त्याची लांबी सुमारें २११ मीटर. तेव्हां नाळेशीं किंवा सुकाणूच्या टोंकाशीं असलेली खोली आणि मधली खोली यांत फार अंतर पडतें. उंच मजल्यावर झोका अधिक, खालच्यावर कमी. ज्यांस बोट लागते त्यांनीं मधली व खालच्या मजल्यावरची खोली मागावी. सज्जा असलेली वरची खोली दिसावयास रम्य असली तरी तिचा मोह धरूं नये. शिवाय नाचगाण्याच्या दालनाच्या खालीं किंवा वर खोली नाहीं ना, हें नकाशावर पाहून घ्यावें.

बोट लागण्याचें कारणहि येथेंच सांगतों. डोळ्यास खोलीच्या भिंती स्थिर दिसतात आणि कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय ‘आपण हलतों आहों’ असें सांगतें. या दोन साक्षी जुळत नाहींत म्हणून मळमळ होते. उपाय म्हणजे साक्षी जुळविणें. उघड्या डेकवर येऊन दूर क्षितिजाकडे पाहावें. पुस्तक किंवा मोबाइल डोळ्यांपुढें धरूं नये. पोट रिकामें ठेवूं नये, तसेंच तडस लागेपर्यंत जेवूं नये. आमच्या सौ.नीं आलेपाकाच्या वड्या करावयाचें ठरविलें आहे. औषधाच्या गोळ्यांनीं गुंगी येते, आणि त्यांतल्या कांहीं वृद्धांस, विशेषतः कांचबिंदु किंवा लघवीचा विकार असलेल्यांस, अपाय करतात. म्हणून आपल्या डॉक्टरांस विचारल्याखेरीज घेऊं नयेत.

चौथा प्रश्न : बोट धक्क्याला लागते कीं मधेंच उभी राहते? या प्रश्नाचें महत्त्व मला आरंभीं कळलेंच नाहीं. नातीचें सारें लक्ष लक्षद्वीपावर होतें. तेथील पोंवळ्यांचीं बेटें, उथळ हिरवें पाणी, त्यांतील रंगीत मासे यांचीं चित्रें तिनें कपाटाच्या दारावर चिकटविलीं होतीं. परंतु तेथें मोठें जहाज किनाऱ्यास लागत नाहीं. दूर समुद्रांत उभें राहतें आणि प्रवाशांस लहान होड्यांत उतरवून नेतात. लाट आली कीं होडी वरखालीं होते, व नेमका क्षण साधून पाय टाकावा लागतो. समुद्र खवळला तर उतरणेंच रद्द होतें. चौऱ्यायशी वर्षांच्या गुडघ्यांस हें झेपणारें नव्हे. उलट गोव्यांत मुरगांवास आणि कोचीस वेलिंग्डन बेटावर जहाज धक्क्याला लागतें व शिडीवरून सरळ जमिनीवर उतरतां येतें. म्हणून आम्ही लक्षद्वीप गाळलें. नात रडली. मातोश्रींनीं तिला जवळ घेतलें आणि म्हणाल्या, “तूं मोठी झालीस कीं जा. तुझे पाय पुष्कळ दिवस टिकायचे आहेत.” तिला तें पटलें असें मी म्हणणार नाहीं, पण चित्रें तिनें दारावरून काढलीं नाहींत.

पांचवा प्रश्न : कोणी मागें राहिला तर? येथें उत्तर कठोर आहे. जहाज कोणासाठीं थांबत नाहीं. परत चढण्याची जी वेळ सांगितलेली असते तिच्या निदान एक तास आधीं धक्क्यावर असावें. म्हणून एका बंदरीं एकच स्थळ धरावें, हा आमचा दुसरा निश्चय. गोव्यांत मंगेशीचें दर्शन, बस्स. हा देव मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. १५६० सालीं पोर्तुगीजांच्या भयानें भक्तांनीं लिंग नदीपार प्रियोळास नेलें. मुरगांवाहून निघालें कीं कुठ्ठाळी वाटेंतच लागतें, तेव्हां नातीस जागेवरच इतिहास सांगतां येईल. कोचीस मट्टांचेरी पाहावयाची, व तीहि एका कारणासाठीं. गोव्यांतून गेलेलीं कोंकणी घराणीं तेथें कित्येक शतकें नांदत आलीं. त्यांतील रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघां वैद्यांनीं डच अधिकारी व्हान रीड यास मलबारच्या वनस्पतींची माहिती पुरविली. ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ सालीं ॲम्स्टरडॅम येथें छापला गेला. त्यांत या तिघांचें १६७५ सालचें कोंकणी साक्षपत्र देवनागरी अक्षरांत आहे. छापील ग्रंथांतील देवनागरीच्या अगदीं आरंभींच्या नमुन्यांपैकीं तो एक. ज्यानें चाळीस वर्षें फळ्यावर देवनागरी गिरविली त्यास एवढें तीर्थ पुरेसें आहे.

सहावा प्रश्न : कोणी आजारी पडलें तर? मोठ्या जहाजावर डॉक्टर व लहानसा दवाखाना असतो. पण शस्त्रक्रियेची किंवा दीर्घ उपचाराची व्यवस्था तेथें धरून चालूं नये, आणि तेथील आकार निराळा द्यावा लागतो. रोजचीं औषधें प्रवासाच्या दिवसांपेक्षां चार दिवसांचीं अधिक घ्यावीं, आणि तीं हातांतल्या पिशवींत असावीं. कारण मोठें सामान चढतांना आपल्यापासून वेगळें होतें व खोलींत कांहीं तासांनीं येतें. औषधांचीं नांवें, रक्तगट व घरच्या डॉक्टरांचा दूरध्वनि एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशांत ठेवावा. प्रवासाचा विमा घेतांना समुद्रावरून रुग्णास हलविण्याचा खर्च त्यांत येतो कीं नाहीं, हें बारीक अक्षरांत वाचून पाहावें. चाकांची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतांनाच कळवावें. मातोश्रींनीं ती प्रथम नाकारली, मग “लांब चालावें लागलें तरच,” या अटीवर मान्य केली.

सातवा प्रश्न : खावयाचें काय, आणि देव कोठें मांडावयाचे? शाकाहारी, इतकेंच नव्हे तर कांदा-लसणावांचूनचें जेवणहि आधीं कळविल्यास मिळतें, असें आम्हांस सांगण्यांत आलें. परंतु विजेची शेगडी, इस्त्री, मेणबत्ती, उदबत्ती यांस जहाजावर मनाई असते. समुद्रावर पाण्याइतकेंच भय आगीचें. त्यामुळें खोलींत ज्योत पेटविणें मुळींच चालत नाहीं. म्हणजे निरांजन नाहीं. हें मातोश्रींस कसें सांगावें, या विवंचनेंत मी दोन दिवस होतों. सांगितलें, तेव्हां त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचें. दिवा घरीं लावूनच निघूं.”

या सात प्रश्नांस मीं आपला आठवा जोडला, तो खर्चाचा. जाहिरातींतील भाडें म्हणजे पानावरचें मीठ-लिंबू. जेवण मागाहून वाढलें जातें. बंदराचे आकार, कर, सेवकवर्गाचें बक्षीस, किनाऱ्यावरील सहली, पेयें, इंटरनेट यांतील काय भाड्यांत धरलें आहे व काय नाहीं, तें लेखी विचारून घ्यावें. भर समुद्रांत मोबाइल उपग्रहामार्फत जोडला जाऊन मोठें बिल येऊं शकतें. म्हणून जहाज सुटतांच तो विमान-स्थितींत टाकावा. सरकारी ओळखपत्र मूळ प्रतींत हवें, मुलांचेंहि. परदेशचें बंदर असेल तर पारपत्र व प्रवेशपरवाना यांची चौकशी आधीं करावी. बाहेरगांवच्या वाचकांनीं जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशींच मुंबईस येऊन राहावें. आगगाडीचा उशीर जहाजाच्या हिशेबीं नसतो. आणि पहिली सफर चारपांच रात्रींहून मोठी नसावी, हें आमच्या सर्वांच्या मतें ठरलें.

उत्तरें पुरीं झालीं, वही भरली. पण मातोश्रींनीं होकार दिला नव्हता. आम्हीहि मागितला नाहीं. त्यांनीं नको म्हटलें असतें तर आमच्या सौ. त्यांच्याजवळ राहणार होत्या, आणि तें निमूटपणें; भ्यालेल्या माणसास ओढून नेल्यानें त्याचें भय जात नाहीं, केवळ विश्वास जातो. एके दिवशीं त्यांनीं आपण होऊन विचारलें, “आधीं लहान बोटीनें जाऊन पाहतां येईल का रे?” २०२० सालापासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारींसह माणसांस नेणारी मोठी बोट जाते. कार्तिकांतल्या एका रविवारीं आम्ही सहाहि जण तिच्यांत बसलों.

चढतांच मातोश्रींनीं एका खलाशास हांक मारून जीवरक्षक पट्टे कोठें आहेत तें दाखव म्हणून सांगितलें. त्यानें हंसून उडवून न देतां जागा दाखविली, पट्टा कसा बांधावयाचा तेंहि दाखविलें. बोट सुटली. अर्ध्या वाटेवर त्यांनीं मला विचारलें, “रेवस कोणत्या अंगाला?” मीं हात केला. त्यांनीं त्या बाजूस तोंड करून हात जोडले आणि पाण्याकडे पाहत बसल्या. डोळे उघडे होते. कोणी कांहीं बोललें नाहीं, नातहि नाहीं. तासाभरांत मांडव्याचा धक्का आला. उतरतांना त्यांनीं विचारलें, “आतां नागांव किती?” मीं म्हटलें, “पाऊण तास.” त्या म्हणाल्या, “इतकें जवळ होतें, नाहीं का?”

परत येतांना मीं पनवेलच्या रस्त्याचें नांव काढलें, तर म्हणाल्या, “वळसा कशाला?” आणि रात्रीं सूनबाईंनीं तिकिटांचा अर्ज भरावयास घेतला तेव्हां स्वयंपाकघरांतून आवाज आला, “माझेंहि नांव घाल ग.”

तिकिटें आलीं आहेत. नातीनें आतां एक नवीन उद्योग आरंभिला आहे. कोणत्याहि वेळीं ती शिटीचे सात आंखूड व एक लांब आवाज काढते. आणि घरांतील सर्वांनीं हातांतलें काम टाकून दाराशीं जमावें अशी तिची आज्ञा आहे. परवां सायंकाळीं ही कवायत झाली. सूनबाई गॅस बंद करून आल्या, चिरंजीव दूरध्वनीवर बोलतच आले, सौ. पदर खोंवीत आल्या. आणि मी चष्मा शोधीत सर्वांच्या शेवटीं पोंचलों. दाराशीं सर्वांच्या आधीं मातोश्री उभ्या होत्या. औषधांची पिशवी खांद्याला, नांवांचा कागद हातांत. वहीकडे पाहून नातीनें गंभीरपणें माझ्या नांवापुढें ‘उशीर’ असा शेरा मारला. चाळीस वर्षें मीं इतरांस दिलेला शेरा प्रथमच माझ्या वांट्यास आला. आणि तो योग्यच होता.

प्रवासाहून परत आल्यावर अनुभव वाचकांस सादर करीनच. तोंवर ज्यांच्या घरीं अशा सफरीचे बेत चालले असतील त्यांनीं आपल्या घरांतील गप्प बसलेल्या माणसास एकदां विचारून पाहावें, आणि वही-पेन्सिल जवळ ठेवावी. इत्यलम्.